वजा तीन

केळीच्या घडांवर काळे चट्टे पडल्याचं कळलं, तसा कुंदन धुळ्याहून सकाळच्या एसटीने नशिराबादला आला. त्याचे चुलते तोतारामआबा बांधावर बसले होते. शेजारी काडीकचऱ्याचा ढीग, न पेटवलेला. थंडी वाढली की पहाटे बागेच्या कडेने धूर करायचा, ही जुनी रीत. चार वाजता सुमनकाकू आबांना उठवायच्या. गेल्या वर्षी काकू वारल्या, म्हणून कुंदननेच यंत्र बनवून बागेत लावलं होतं. पारा बाराच्या खाली गेला की आबांचा फोन वाजणार. "आता निवांत झोपा," असं सांगितलंही त्यानेच.

"फोन वाजला असंन," आबा म्हणाले. "मलेच आयकू आलं नाई. प्रेमराज म्हणतो, बाग दुसऱ्याले कसायले देऊ, तुम्ही पाचोऱ्याले चला माह्याकडं."

प्रेमराज, आबांचा मुलगा, पाचोऱ्याला राहायचा. चूक त्याला कालच सापडली होती. त्या पहाटे पारा नऊवर होता, आणि तो बाराच्या खाली गेला का हे बघायला यंत्र नऊमधून बारा वजा करत होतं. उत्तर वजा तीन. पण उत्तर ठेवायला त्याने प्रोग्राममध्ये पूर्णांकाचा जो प्रकार निवडला होता, त्याला वजाचं चिन्हच नव्हतं. शून्य ते दोनशे पंचावन्न, एवढीच त्याची धाव. शून्याखाली गेला की आकडा फिरून वरच्या टोकाला जायचा. वजा तीनचे दोनशे त्रेपन्न झाले, आणि यंत्राला वाटलं, भरपूर ऊब आहे. खानदेशात पारा शून्याखाली कशाला जातोय, म्हणून त्याने चिन्ह सोडलं. पारा नाही गेला तरी वजाबाकी जाईल, हे सुचलं नाही. आणि यंत्र तपासलं कधी, तर एप्रिलात, चव्वेचाळीस डिग्रीत.

गप्प राहिला असता तर कुणाला कळणार नव्हतं.

"आबा, फोन वाजलाच नाही. चूक माझी आहे." आणि त्याने सगळं सांगितलं.

आबांनी घडांवरची नजर त्याच्याकडे वळवली. "म्हंजे मी बहिरा नाई झालो."

"नाही."

"तुह्या काकूनं बेचाळीस वर्सं उठवलं. एक डाव चुकली नाई. अन् तुह्यं यंत्र पहिल्याच थंडीत झोपलं."

कुंदनने मान खाली घातली. "आजच दुरुस्त करतो."

"कर. पन संक्रांतीपर्यंत रोज चारले तू उठायचं, अन् मले फोन करायचा. प्रेमराजले काय सांगायचं ते मी सांगतो."

कुंदनने तिथेच फोन काढून चारचा गजर लावला. आबांनी वाकून आकडा पाहिला.

"पहाटचाच लावला ना रे?"