दुभाष्याची जागा

माझा दादा जन्मापासून बहिरा. मूकबधिर शाळेत शिकवतो, हातांनी बोलतो आणि त्याचं बोलणं लोकांना मी सांगते. शिक्षण परिषदेसाठी सरकारचं शिष्टमंडळ परदेशी निघालं, तेव्हा यादीत सहावा दादा होता आणि सातवी मी, दुभाषी म्हणून. दादाला भाषणासाठी बारा मिनिटं मिळाली होती. खुणांची भाषा येणारे शिक्षक द्या, एवढीच त्याची मागणी. त्यासाठी अकरा वर्षं तो कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होता.

यादी मंत्र्यांच्या दालनातून परत आली. माझं नाव खोडून तिथे मंत्र्यांच्या मेहुण्याचं घातलं होतं.

"अहो, त्यांना ही भाषा येते तरी का?" मी कारकुनाला विचारलं.

"ताई, कुणाला तरी गाळायचं होतं. सरांना कसं गाळणार? त्यांचा फोटो चांगला दिसतो."

बिचारा खरं तेच बोलला. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी मेहुणे घरी हजर. फरश्यांचे व्यापारी, माणूस अघळपघळ. "दोन-चार खुणा शिकवा की, ताई. बाकीचं मी निभावून नेतो." मी त्यांना दारातूनच वाटेला लावणार होते. दादाने मला अडवलं, त्यांना खुर्ची दिली आणि आपलं भाषण मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या हातात ठेवलं. 'वाचायचंच तर आहे,' तो मला खुणेने म्हणाला.

परिषद मी शाळेत, मुख्याध्यापिकांच्या संगणकावर पाहिली. दादाचे हात काय सुरेख चालत होते! 'माझी मुलं दिवसभर शिक्षकांच्या ओठांकडे बघत बसतात, घरी जाताना रिकामीच जातात,' तो सांगत होता. शेजारी मेहुणे खिशातून काढलेला भलताच कागद वाचत होते. नव्या इमारती, नव्या फरश्या, मंत्रीमहोदयांची दूरदृष्टी. मी पडद्यावर ओरडले. मुख्याध्यापिकांनी मला खांदे धरून बसवलं. तिकडे सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

विमानतळावर दादाने बॅग तिथेच टाकली आणि भराभर हात हलवायला लागला. 'सगळे उभे राहिले! पाहिलंस ना? आता शिक्षक मिळतील. त्यांनी नीट वाचलं ना सगळं?'

लहानपणापासून लोकांचं बोलणं मी त्याला जसंच्या तसं सांगत आले होते, शिव्यासुद्धा.

'शब्द न् शब्द,' मी सांगितलं.