एक लिटरची टाकी

"एक लिटर?" अमोलने चहाचा कप खाली ठेवला. "देवमनभाऊ, एक लिटरमंदी थे विमान उठीन आन् लगेच उतरा लागीन. काहून असं करून राहिले तुमी?"

देवमन काउंटरवरच्या दोन प्लास्टिकच्या टाक्यांकडे पाहत राहिला. एक तीन लिटरची, दुसरी एक लिटरची. अमोल रविवार मोडून अमरावतीहून अकोल्याला आला होता, तो यातली एक पक्की करायला. टाकी ठरली की इंजिन ठरणार, आणि आज संध्याकाळी इंजिनाची ऑर्डर जाणार होती.

अमोल इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचा. देवमन डिझेल पंप आणि नोझलचा मिस्त्री, तीस वर्षांपासून. दोघांना एकत्र आणलं ते रिमोटवर उडणाऱ्या विमानांच्या वेडाने. देवमन बारा वर्षं पंख्याची पेट्रोल विमानं उडवत होता. मग खऱ्या जेटसारखं, टर्बाइनवर चालणारं विमान करायचं त्याच्या डोक्यात आलं आणि दोन वर्षं त्याने दुकानामागच्या खोलीत ते बांधलं. बारा किलोचं, लालभडक. आता फक्त त्याच्या पोटात इंजिन बसवायचं होतं.

अमोलने वही उघडली. "दहा किलो ताकदीचं इंजिन घेऊ. तीन लिटरची टाकी. सुरू कराले, रस्त्यावर पळवाले दोनशे मिली जाते. मंग निवांत उडवा. उतरताना वाकडं आलं त पुन्हा वर उचला, एक चक्कर मारून पुन्हा आणा. त्याच्यासाठी तेल उरलं पाह्यजे ना!"

"आठ किलोचं इंजिन पुरे. अन् एक लिटर. चार मिनिटं उडवू, सर. पहिलंच जेट हाये आपलं."

"अन् वाकडं आलं त?"

"नाई येत. ले-आऊटच्या बाजूनं वाळल्या तुरीच्या गंज्या हायेत. जेवढं तेल कमी, तेवढी आग कमी."

कारण चांगलं होतं. भातकुलीच्या रस्त्यावर कोणीतरी प्लॉट पाडले होते, सरळसोट डांबरी रस्ता केला होता आणि घर मात्र एकही उभं राहिलं नव्हतं. तिथेच ते विमानं उडवायचे. आजूबाजूला तूर आणि कपाशी. देवमनला स्वतःलाही क्षणभर वाटलं, की आपण गंज्यांनाच भितो.

खरं कारण त्याच्या उजव्या हातात होतं. पोळ्यापासून त्या हाताला कंप सुटला होता. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण वाढत जाईल. देवमनने हे कोणालाही सांगितलं नाही. त्याने फक्त मोजलं, कारण मोजणं हाच त्याचा धंदा. जुनं पेट्रोल विमान घेऊन तो तीन रविवार एकटाच ले-आऊटवर गेला, घड्याळ लावलं आणि पाहिलं. चार मिनिटं अंगठा ऐकायचा. पाचव्या मिनिटाला रिमोटवरची काडी अंगठ्याखाली थरथरायला लागायची आणि वर विमान डुलायचं. म्हणून चार मिनिटांची टाकी. विमानाला किती तेल लागतं हे त्याने विचारलंच नव्हतं, हाताला किती झेपतं तेवढंच धरलं होतं.

आणि त्याला भीती वाटत होती. त्याच्या बापाचा हात म्हातारपणी असाच हलायचा. चहाची कपबशी ओठापर्यंत जाईस्तोवर वाजत राहायची. घरभर ऐकू यायची. शेवटी बापाने लोकांसमोर चहा पिणंच सोडलं. देवमन आयुष्यात ना विजेला भ्याला, ना फुटलेल्या पंपाला. त्या बशीच्या आवाजाला मात्र तो अजून भ्यायचा.

अमोल फोन आला म्हणून बाहेर गेला, तशी देवमनची बायको मैना आतून आली. तिने देवमनचा स्टीलचा ग्लास उचलला. पोळ्यापासून ती त्याला ग्लासात चहा द्यायची, तोही अर्धाच. का, ते त्याने विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

"सरले सांगून टाका ना," ती हळूच म्हणाली.

"काय सांगू?"

"मले काय विचारता? त्या वावरात बाया कापूस वेचत राह्यतात. त्याहिच्या डोक्यावर पडलं त?"

"म्हणून त टाकी लहान घेऊन राहिलो."

"टाकी लहान केली म्हणून हात थांबते का तुमचा?"

देवमन काही बोलणार तोच अमोल परत आला. "चला, भांडण नको. दोन्ही टाक्या मोजून पाहू. लेबलवर एक लिटर लिवलं असलं तरी टाकीतल्या नळीनं किती ओढल्या जाते, थे पाहू."

हे मोजणं देवमनचंच काम. पंप दुरुस्त झाला की तो किती डिझेल सोडतो हे शंभर मिलीच्या काचेच्या नळीत घेऊन वाचावं लागतं. बाकीचे मिस्त्री नळी टेबलावर ठेवून, वाकून वाचतात. देवमन ती दोन बोटांत धरून ट्यूबलाइटपुढे उचलायचा आणि एका नजरेत आकडा सांगायचा. पातूरपासून अंजनगाव सुर्जीपर्यंतचे ट्रॅक्टरवाले ते पाहायला थांबायचे. त्याची तशी काही गरज नव्हती, पण प्रत्येकाचा एक तोरा असतो, देवमनचा हा होता.

आज त्याने नळी भरून टेबलावर ठेवली आणि वाकला.

"हे काय?" अमोल हसला. "आज टेबलावर? उचला ना भाऊ, तुमच्या स्टाइलनं!"

देवमनने मैनाकडे पाहिलं. ती दारातच उभी होती. मग त्याने नळी उचलली.

डिझेलची रेघ काचेवर वरखाली होत राहिली. तो थांबला, श्वास रोखला, दुसऱ्या हाताने मनगट धरलं. रेघ काही स्थिर होईना. अमोलचं हसू कधी गेलं ते कोणालाच कळलं नाही.

"कवाचं हाये हे?" त्याने विचारलं.

"पोळ्यापासूनचं. चार मिनिटं बरा राह्यते, मंग असा." देवमनने नळी खाली ठेवली. "म्हणून एक लिटर."

अमोलने तीन लिटरची टाकी पुढे ओढली. मग म्हणाला, "तीन लिटर लावू. दोन रिमोट जोडू. तुमी उडवा, मी बाजूले उभा राह्यतो. गडबड वाटली का मी घेतो."

देवमनला हो म्हणायचं होतं. दोन वर्षं त्या लाल पंखांना घासताना त्याने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. आपले अंगठे, वर ते जेट आणि कानात तो खराखुरा आवाज. पण बारा किलोचं विमान गाडीपेक्षा जोरात जाणार होतं. घेतो म्हणेपर्यंत ते कपाशीत गेलेलं असेल.

"नाई," तो म्हणाला. "दहा किलोचं इंजिन मागवा. टाकी तीनची. अन् उडवा तुमीच."

फेब्रुवारीत ते उडालं. देवमन आग विझवायचं नळकांडं घेऊन इंजिनाजवळ बसला होता. मैनाने सकाळीच वावरात जाऊन बायांना रस्त्यापासून लांबच्या ओळींवर पाठवलं होतं. इंजिनाने शिट्टी मारली, मागून आगीची एक जीभ निघाली, आणि ते लाल विमान डांबरावरून सुटलं. देवमनचे दोन्ही अंगठे नळकांड्यावर आपोआप हलत होते.

चार मिनिटांनी अमोलने उतरवायला घेतलं. वाकडं आलं. त्याने पुन्हा उचललं. दुसऱ्यांदा वारा आडवा आला, विमान कपाशीकडे ओढलं गेलं, लांबच्या बाया ओरडल्या. दहा किलोच्या इंजिनाने ते कसंबसं वर खेचलं. तिसऱ्यांदा, सातव्या मिनिटाला, चाकं डांबराला लागली. अमोल तिथेच रस्त्यावर बसला. त्याचाही हात थरथरत होता, पण त्याचा थांबणार होता.

गाडीत घालण्याआधी टाकी रिकामी करावी लागते. देवमनने पिशवीतून काचेची नळी काढली. एव्हाना वावरातल्या बाया रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या होत्या. त्याने पहिली नळी भरली आणि सगळ्यांसमोर दोन बोटांत धरून सूर्यापुढे उचलली. रेघ हलत होती. त्याने हात लपवला नाही. शंभर. दुसरी. तिसरी. अमोल वहीत लिहीत गेला. एक लिटरची टाकी असती तर विमान दुसऱ्या चकरेलाच बंद पडलं असतं, कपाशीवर. हे दोघांनाही कळत होतं.

नऊ नळ्या भरल्या. दहावी अर्धीच भरली. ती वाचायला हात थांबावा लागतो. देवमन तशीच धरून राहिला. कोणी घाई केली नाही.

"लिवा," तो म्हणाला. "बेचाळीस."

अमोलने पुन्हा न विचारता बेचाळीस लिहिलं.