पेट्रेलांचं गोत्र

अमरावतीत भिक्षुकी करणाऱ्या वसंतराव गुरुजींचं समुद्राशी कधी जमलंच नाही. आयुष्यात एकदाच पाहिला होता, आणि ओंजळभर पाणी चाखून "एवढं पाणी, पण आचमनालाही कामाचं नाही" असा शेरा मारून ते परत आले होते. अशा माणसाच्या पोटी समुद्रपक्ष्यांवर संशोधन करणारी लेक यावी, ही दैवाचीच टवाळी. बरं, इशिताची प्रयोगशाळा कुठे, तर अकोल्यात. तिथून कुठल्याही दिशेला चालत सुटा, समुद्र लागायच्या आधी चपला झिजतील.

पण गुरुजींना लेकीचं काम कळायचं. नुसतं कळायचं नाही, ते त्यांना स्वतःचंच वाटायचं. दूर दक्षिणेच्या थंड समुद्रात एका जातीचे पेट्रेल पक्षी फक्त दोन बेटांवर उरले होते. धाकट्या बेटावर तर इतके थोडे, की घरातल्या घरातच जोड्या लागायच्या, अंडी वाया जायची, निघालेली पिल्लं मरतुकडी असायची. तिथल्या अभ्यासकांच्या मनात होतं की थोरल्या बेटावरची काही पिल्लं धाकट्यावर नेऊन वाढवायची, म्हणजे नवं रक्त येईल. त्याआधी दोन्हीकडच्या पक्ष्यांचं नातं किती जवळचं आहे ते तपासायला हवं होतं, आणि त्यासाठी दोन्ही बेटांवरची पिसं इशिताकडे आली होती. दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात बोट निघणार होती. तोवर उत्तर गेलं नाही तर पिल्लं उडून जाणार, आणि धाकट्या बेटाचं पुढच्या वर्षी काय होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

"म्हणजे गोत्र बघायचं," गुरुजी म्हणाले. "आम्ही जन्मभर दुसरं काय केलं?"

"गोत्र नाही बाबा, डीएनए."

"तेच ते. सगोत्र निघालं की सोयरीक बाद."

इशितानं वाद घातला नाही. बाबा निम्मे बरोबर होते, आणि निम्म्या बरोबर असलेल्या माणसाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

खंडेनवमीला गुरुजी पहाटेच्या गाडीनं अकोल्यात हजर झाले. हातात झेंडूचे हार, नारळ, हळद-कुंकू, आणि काखेत मोरपिसांचा जुडगा. ही पिसं धामणगावचे त्यांचे जुने यजमान नत्थुजी यांच्या शेतातली. नत्थुजींच्या तुरीत मोर-लांडोरांचा कायमचा मुक्काम. "महाराज, तूर तं गेलीच, पिसं तरी तुमी न्या," असं म्हणून ते दरवर्षी ताजा जुडगा देत.

"आज शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो," गुरुजी इशिताला म्हणाले, "मग तुझ्या यंत्रांनीच काय पाप केलं?"

"दारात करा पूजा. आत कशालाही हात लावायचा नाही," ती म्हणाली.

गुरुजी कबूल झाले. ते शब्दाचे पक्के होते. फक्त शब्दाचा अर्थ कुठपर्यंत न्यायचा, हे तेच ठरवत.

पूजा झाली. मदतनीस करिश्मा नारळ फोडायला खाली गेली, आणि इशिताला बेटावरून फोन आला म्हणून ती गच्चीवर पळाली. गुरुजी एकटेच उरले. आत टेबलावर इवल्या इवल्या नळ्यांची रांग होती. प्रत्येक नळीत एकेका पिसाच्या मुळाचा तुकडा, आणि झाकणं उघडी. गुरुजींना गलबलून आलं. कुठले कुठले परके जीव, एवढ्या लांब सोयरिकीला आले आणि त्यांना आशीर्वाद द्यायला घरचं एक माणूस नाही! हात लावायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून त्यांनी हात लावला नाही. जुडगा उचलला आणि "शुभं भवतु" म्हणत प्रत्येक नळीवरून मायेनं, चांगला टेकवून टेकवून फिरवला. एक नळी रिकामीच दिसली. तिलाही त्यांनी वगळलं नाही.

दसरा उलटल्यावर एका संध्याकाळी इशिताचा फोन आला. "बाबा, आकडे विचित्र येऊन राहिले. दोन्ही बेटांचे सगळे पक्षी एकाच आईच्या वंशातले निघाले. मी पुन्हा बघते." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

गुरुजींची पाचावर धारण बसली. सगोत्र! अख्खी जातच्या जात सगोत्र! नत्थुजी कापूस घेऊन अमरावतीला आले होते, ते ओसरीवर चहा पीत होते. सगळं ऐकून म्हणाले, "मंग दत्तक द्या ना महाराज. मागं थ्या वकिलाच्या पोरीचं गोत्र आडवं आलं, तवा तुमी तिले मामाले दत्तक देल्ली होती ना?"

गुरुजींना हे आपल्याला आधी का सुचलं नाही याचंच वाईट वाटलं. त्यांनी लगेच फोन लावला. "इशू, उपाय सापडला. धाकटं बेट मी दत्तक घेतो. आपलं वसिष्ठ गोत्र, समुद्रात दुसऱ्या कुणाचं असणार नाही."

पलीकडून हसू आलं नाही. इशिता रडत होती.

"बाबा, रिकाम्या नळीतही तीच आई निघाली. त्या नळीत पडताळ्यासाठी फक्त पाणी होतं, काही निघायलाच नको होतं. आणि ती पेट्रेल नाहीच. लांडोर आहे."

"लांडोर?"

"त्या बेटांवर लांडोर कुठून येणार? माझ्याच हातून काहीतरी घाण झाली. मी त्यांना कळवून राहिले की हे काम माझ्याच्यानं होत नाही, दुसऱ्या कुणाला द्या. इतकी वर्षं घालवली, बाबा, आणि मी एवढी हलगर्जी आहे हे मला माहीतच नव्हतं."

मोरपिसांच्या जुडग्याची आठवण गुरुजींना 'लांडोर' शब्दालाच झाली होती.

"खिडकीतून आली असेल," ते चाचरत म्हणाले.

"तिसरा मजला आहे, बाबा. खिडक्या उघडतच नाहीत."

"कोन आलं खिडकीतून, महाराज?" नत्थुजींनी विचारलं.

गुरुजींना कसली भीती वाटत होती ते साफ सांगायला हवं. आजवर त्यांनी जुळवलेल्या एकाही सोयरिकीत गोत्राची चूक निघाली नव्हती. सगळी अमरावती हे मानायची, आणि ते स्वतः तर सगळ्यांत जास्त मानायचे. गप्प राहिलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. पण फोनमध्ये लेक नाक पुसत होती, तो आवाज त्यांना ऐकवेना.

"इशू, काही कळवू नकोस. ती लांडोर माझी आहे. म्हणजे नत्थुजींची."

"माही?" नत्थुजी चहाच्या कपासकट उठले. "माही लांडोर कायले जाते थ्या समुद्रात?"

गुरुजींनी सगळं सांगून टाकलं.

"टेकवून फिरवला?" इशितानं विचारलं.

"मायेनं."

"रिकाम्या नळीवरूनही?"

"ती एकटी पडली असती."

मग असा काही आवाज आला की ती हसतेय की रडतेय, गुरुजींना कळेना. "बाबा, मला तुमचा इतका राग आलाय की आत्ता बोलवत नाही," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "पण मी हलगर्जी नाही."

"नाहीस गं. बाप आहे."

नशीब, प्रत्येक मुळाचा अर्धा तुकडा तिनं बर्फात जपून ठेवला होता. टेबलं धुवून, नवी रसायनं काढून तिनं सगळं काम पहिल्यापासून केलं. गुरुजी पुरणपोळीचा डबा घेऊन अकोल्याला धावले, तर करिश्मा दारात आडवी उभी.

"महाराज, तुमाले आत सोडलं तं ताई मले बाहेर काढन. बसा जिन्यावर."

बोट निघायच्या आदल्या दिवशी इशिता जिन्यावर आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, पण चेहरा उजळलेला. "दोन्ही बेटांची कुळं वेगळी निघाली. पिल्लं न्यायला हरकत नाही. उत्तर पाठवलं."

"म्हणजे सोयरीक जमली?"

"जमली."

"मग मला मानपान काय?"

"तुम्ही आत यायचं नाही, हाच मान."

गुरुजींनी तिथेच पायरीवर डबा उघडला, आणि पहिली पोळी लेकीला, दुसरी करिश्माला दिली. विडा उशिरा आला म्हणून, उपरणं आखूड निघालं म्हणून आजवर किती मांडवांत ते रुसून बसले होते. या लग्नात तर त्यांना उंबऱ्याच्या आत कुणी घेतलं नव्हतं, आणि ते रुसले नाहीत.