चुड्याच्या हाताचा गिअर

नगरच्या केडगावात पुणे रस्त्याला लागून भागवतचं गॅरेज आहे. जीप दुरुस्त करावी ती भागवतनंच, असं आसपासचे लोक म्हणतात, आणि लोक असं म्हणतात हे त्यालाही ठाऊक असल्यामुळे तो जरा तोऱ्यातच असतो. मोनिका ही त्याची एकुलती मुलगी. बारावीत असताना ती स्कूटीवरून पडली आणि डावा घोटा जायबंदी झाला. पाय बरा झाला, चालणं सुधारलं, पण घोटा काही वाकेना. घोटा वाकत नाही तर क्लच दाबणार कसा? गॅरेजवाल्याची पोर आणि तिला गाडी चालवता येत नाही, हे मोनिकापेक्षा भागवतच्याच मनाला जास्त लागलं होतं.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा समर्थ, कर्जतजवळच्या वस्तीवरचा, लिंबाची बाग सांभाळणारा. बोलायला कमी, हसायला पुढं. सुपारी फुटली त्याच दिवशी भागवतनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझी पोर सासरी जाईल ती स्वतः गाडी चालवत."

शेडच्या मागं एक जुनी जीप कधीची पडून होती. तिला त्यानं बाहेर काढलं. मागून चेपलेल्या एका मोटारीचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळवला, आरटीओत हेलपाटे घालून पासिंग करून घेतलं, पत्रा ठोकून सरळ केला, मोनिकाच्या पसंतीचा मोरपंखी रंग दिला. क्लच गेला. खाली दोनच पेडल राहिली आणि दोन्ही उजव्या पायाची. मोनिका मोकळ्या प्लॉटवर गाडी शिकली, लायसन काढून आली.

भांडण झालं ते गिअरच्या दांड्यावरून.

भागवतनं पुण्याहून चार नमुने आणून बाजेवर मांडले होते. एक स्टेअरिंगच्या बाजूला बसणारी कांडी. एक नागमोडी खाचेतून सरकणारा दांडा. एक बुटका, वर अंगठ्याचं बटण असलेला. आणि एक लांबलचक, वर काळा गोल गोटा आणि पुढून बोटानं ओढायचा चाप.

"मला हा बुटका आवडला," मोनिका म्हणाली. "हात मांडीवर ठेवल्यासारखा राहतो."

"ते खेळणं आहे, मोने. जीप आहे ही. जीपला दांडा कसा, दांड्यासारखा दिसायला हवा."

"दिसायला हवा की चालवायला, पप्पा?"

"दोन्ही," भागवत म्हणाला आणि त्यानं लांब दांडा बसवूनही टाकला, पुढं डॅशबोर्डच्या जवळ, जुन्या जीपला असायचा तिथंच. मोनिकानं चार चकरा मारल्या. गाडी पळत होती. पप्पांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून ती पुढं काही बोलली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी साळूबाई कासारीण चुडा भरायला आली. मोनिकाच्या आईला, विमलला, तिनंच कधीकाळी बांगड्या भरल्या होत्या. आता तिच्या लेकीचे हात दाबत, चोळत, गाणं गुणगुणत तिनं दोन्ही हात हिरवे करून टाकले. मोनिकानं हात हलवून बघितले. किणकिण वाजलं तशी ती उठली.

"आई, एकदा या हातांनी गाडीत बसून बघते."

ती जीपमध्ये चढली, गाडी चालू केली. पार्किंगच्या गिअरला दांडा पार पुढं असायचा. त्याला धरायला तिनं डावा हात लांबवला, चाप ओढला आणि झटक्यानं मागं घ्यायला गेली. मनगट डॅशबोर्डच्या लोखंडी कडेवर आदळलं. खळ्ळकन आवाज झाला आणि हिरव्या काचा पायाशी पडल्या.

विमलचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! फुटल्या?"

"फुटल्या म्हनू नगं, वाढवल्या म्हन," साळूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "आन् कासारीन दारात बसलेली असताना कसली काळजी? ये पोरी, दुसऱ्या भरू."

मोनिकानं गाडी बंद केली. ती रडेल असं भागवतला वाटलं होतं, पण ती हसत होती. "पप्पा, शालूचा घोळ पेडलमध्ये अडकू नये म्हणून सीट उंच केली. मुंडावळ्या डोळ्यांवर येतील म्हणून आरसा फिरवला. आणि चुडाच विसरलात!"

भागवत ओशाळला, पण हार मानेल तर तो भागवत कसला. "हात जरा जपून न्यायचा. त्यात काय अवघड आहे?"

"मग तुम्ही नेऊन दाखवा," मोनिका म्हणाली. "साळूमावशी, पप्पांना भरा."

 मग विमललाच पहिलं हसू फुटलं. साळूबाईनं टोपलीत हात घालून सगळ्यात मोठ्या मापाच्या बांगड्या शोधल्या, साबणाचं पाणी मागवलं आणि भागवतचा ग्रीसनं काळा पडलेला रुंद पंजा आपल्या मांडीवर ओढला.

"आयुष्यात लई हात बघितले," ती म्हणाली, "पर असलं लाकूड न्हाई बघितलं. सैल सोडा की वो!"

दाबून, पिळून, चोळून तिनं मूठभर बांगड्या चढवल्या. रस्त्यापलीकडच्या टायरच्या दुकानातून पंकज ओरडला, "काय भागवतशेठ, हातात बांगड्या भरल्या काय?"

"भरल्या!" भागवत त्याच्याहून मोठ्यानं ओरडला. "पोरीची गाडी करतोय. बिनबांगडीच्या हातांनी बसवलेला गिअर चुकला माझा!"

पंकज दुकान सोडून बघायला आला. त्याच्यामागं पंक्चर काढायला थांबलेली दोन गिऱ्हाइकंही आली. भागवत जीपमध्ये बसला आणि आपल्याच लाडक्या लांब दांड्याला हात घातला. हळू नेला तरी बांगड्या कडेला घासल्या. मग स्टेअरिंगची कांडी हातानं जागेवर धरून बघितली. हात वर उचलला की सगळ्या बांगड्या कोपराकडं घसरायच्या आणि खाली ओढला की धाडकन मनगटावर यायच्या. नागमोडी दांड्याला मनगट दोन्हीकडं वळवावं लागे, त्यात एक बांगडी खाचेच्या कडेला अडकलीच. साळूबाईनं "आरं आरं!" करत ती सोडवली.

शेवटी त्यानं बुटका दांडा दोन सीटच्या मधे धरला. हात आपोआप खाली आला. अंगठ्यानं बटण दाबलं, मूठ वीतभर मागं घेतली. कोपर जागचं हललं नाही. बांगड्या गप्प मनगटावर पडून राहिल्या.

भागवतनं पुन्हा एकदा करून बघितलं. मग आणखी एकदा. आता त्याच्या चेहऱ्यावर हट्ट उरला नव्हता, नवं काही सापडल्याचं कुतूहल होतं.

"मोने, तू बस. मी धरतो, तू जागा सांग."

ती बसली. तो खाली वाकून दांडा इकडंतिकडं सरकवत राहिला. केबलनं जोडायचा असल्यामुळे तो कुठंही बसणार होता.

"अजून मागं. थोडा माझ्याकडं. नाही, इतका नाही. हां, इथं!"

तिथं त्यानं खडूची खूण केली. पुढच्या जुन्या भोकावर पत्र्याची पट्टी मारली, नवी भोकं पाडली, केबल ओढून घेतली. विमल म्हणाली, "अहो, बांगड्या तरी काढा आता." तो म्हणाला, "राहू दे, ट्रायल व्हायचीय अजून." हळदीची बायामाणसं जमू लागली तेव्हा नवरीचा बाप हिरव्या बांगड्यांच्या हातानं नटबोल्ट आवळत होता. बायकांनी त्याला तसाच खेचून पाटावर बसवला आणि नवरीआधी त्यालाच हळद फासली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ आली. सगळ्यांनी डोळ्यांना पदर आणि रुमाल तयार ठेवले होते. विमलनं लेकीला मिठी मारून रडून घेतलं. मोनिकाचेही डोळे भरले. मग तिनं शालू सावरला, जीपमध्ये चढली, समर्थ शेजारी बसला. तिनं अंगठा दाबून गिअर रिव्हर्सला घेतला आणि बँडवाले, मोटरसायकली, मंडपाचे बांबू यांच्यामधून जीप अलगद मागं घेऊ लागली. बँडवाले वाजवायचं विसरून बघत उभे राहिले. भागवतनं रडायची तयारी केली होती, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"डावीकडं कापू नको! खांब हाय!"

"दिसतोय, पप्पा!"

मंडपात हशा पिकला. जीप रस्त्याला लागली आणि बँडवाल्यांना एकदम जाग आली.

सोलापूर रस्त्यानं मिरजगाव गाठून ते कर्जतकडं वळले. समर्थ वाटभर तिच्याकडं बघत होता आणि ती रस्त्याकडं. ऊन उतरता उतरता वस्ती आली. दारात समर्थची आजी, बनुबाई, भाकरतुकडा आणि ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. जीप थांबली. बनुबाईनं डोळे बारीक करून बघितलं.

"चालवती कोन?"

"मोनिकाच की, आजी," समर्थ म्हणाला.

"सूनबाई? नगरपासनं?" बनुबाईनं ताट शेजारणीच्या हातात दिलं. "समर्था, उतर खाली. मला हात दे."

"आजी, आधी ओवाळायचं ना?"

"ओवाळू की आल्यावर. बाग कुटं पळून चाललीय? तिथवर जाऊन येऊ."

ती नातवाच्या खांद्याला धरून वर चढली, लुगडं नीट करून बसली आणि समोरची आधाराची दांडी घट्ट धरली. सगळी वस्ती दारात ताटकळत राहिली. मोनिकानं गाडी वळवून लिंबाच्या बागेच्या वाटेला लावली आणि आजीला धक्का बसू नये म्हणून अगदी हळू न्यायला सुरुवात केली.

पहिलं वळण गेल्यावर बनुबाई तिच्याकडं झुकली.

"व्हय गं," ती म्हणाली, "याच्यापरीस आमची बैलगाडी पळायची!"