जमिनीचा अंदाज

एर्सिलियाच्या पत्राला एवारिस्तो सरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. त्यांच्या या थोरल्या बहिणीने दूरच्या फेर्राराहून एवढंच विचारलं होतं, "तिथली जमीन सारखी हलते म्हणे. तुला भीती नाही वाटत का? माझ्याकडे खोली रिकामी आहे, ये." सरांनी कितीदा लिहिलं आणि फाडलं. वाटते म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर बढाई.

सर समुद्रकाठच्या पोत्सुओली गावातल्या शाळेत लॅटिन शिकवत. आज ते वर्गाला गावातले रोमन अवशेष दाखवत होते. बंदराजवळच्या प्राचीन बाजारात संगमरवरी खांब उभे होते, मध्यावर शिंपल्यांनी पोखरलेले.

"एके काळी समुद्र इथवर होता," सर हळूच म्हणाले. "जमीन खचली, मग पुन्हा वर आली."

"अजून येतेच आहे, सर," नुन्झियाता म्हणाली. "आजोबांची होडी चिखलात बसलीय. तेही परीक्षेला आहे का?"

मुलं हसली. खांबांच्या पायथ्याशी पूर्वी पाणी साचायचं. आता तिथली माती भेगाळली होती.

दुपारी रखवालदाराने, जिथे माणसं-जनावरं झुंजवत त्या रोमन आखाड्याखालच्या तळघराची जाळी उघडली आणि सगळे खाली उतरले.

"खेळाआधी जनावरांना इथे कोंडत," सर सांगू लागले. "वर काय चाललंय ते त्यांना नुसतं ऐकू यायचं."

तेवढ्यात खालून गडगडाट आला, कुणी अवजड पिंप लोटत न्यावं तसा. जमीन हलली. पळालं कुणीच नाही. गावातल्या पोरांचा रिवाजच होता, धक्का बसला की त्याच्या तीव्रतेचा आकडा ओळखून सांगायचा. ज्याचा बरोबर येईल त्याला बाकीच्यांनी कॉफी पाजायची.

"दोन पॉइंट एक!"

"हट्! दोन-चार," नुन्झियाता ओरडली. "सर, तुमचा?"

"दोन-सात," सरांच्या तोंडून निघून गेलं.

मग त्यांना दिसलं. कमानीच्या सांध्यातून चुन्याची बारीक धार नुन्झियाताच्या केसांवर पडत होती. ती वर बघतही नव्हती. मोबाइलवर आकडा यायची वाट बघत होती.

"बाहेर चला."

"थांबा ना सर, निकाल तर लागू दे!"

"बाहेर!"

स्वतःच्या आवाजाने सरच दचकले. मुलं कुरकुरत निघाली. शेवटचं पोर पायऱ्या चढून वर आलं आणि मागे काहीतरी जड कोसळलं. रखवालदाराने आत डोकावून पाहिलं आणि जाळीला कुलूप लावलं.

"दोन-सात! सर जिंकले!" मुलांनी एकच गिल्ला केला. "काय सर, छुपे रुस्तम निघालात! चला, कॉफी आमच्याकडून."

कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात पेला उचलताना सरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो जराही थरथरत नव्हता. दुकानदाराकडून त्यांनी कागद, पाकीट आणि तिकीट मागून घेतलं आणि तिथेच लिहिलं, 'एर्सिलिया, भीती वाटत नाही, आणि तेच वाईट आहे. शाळेला सुट्टी लागली की येतो. तोवर मुलांना पळायला शिकवायचं आहे. खोली राखून ठेव.'

रस्त्यापलीकडे टपालपेटी होती. सर तिथे पोचले आणि पायांखाली पुन्हा बारीक गडगड झाली.

"सर, किती?" दुकानाच्या दारातून नुन्झियाताने हाक मारली.

आकडा सरांच्या जिभेवर आला होता. त्यांनी तो गिळला. "सगळे रस्त्यावर या आधी," ते ओरडले, आणि पाकीट पेटीत टाकलं.