बसलेला हत्ती

तिने टेबलावर कार्डं मांडली. नऊ हिरवी, अकरा तांबडी, चोवीस निळी. थाई लिपीतली चव्वेचाळीस व्यंजनं, तीन गटांत. डोक्यावरची खूण तीच असली, तरी अक्षराचा गट बदलला की सूर बदलतो. एवढं एकदा बाबांच्या गळी उतरलं की झालं, असा तिचा हिशेब होता.

आई मूळची थाई. लग्नानंतर तीस वर्षं ती घरात मराठी बोलली, भांडलीसुद्धा मराठीत. मार्चमधल्या मेंदूच्या झटक्यात मराठी पार पुसली गेली. उरली थोडी थाई, तीही तळाशी.

“बोलतं ठेवा त्यांना, नाहीतर आहे तेही जाईल,” थेरपिस्टबाईंनी बजावलं होतं.

म्हणून रोज संध्याकाळी बाबा चिठ्ठ्यांवरचे वीस शब्द आईला वाचून दाखवत. शब्द बरोबर आला की ती नुसती मान हलवी.

“छांग,” बाबा खालच्या सुरात म्हणाले. छांग म्हणजे हत्ती.

“बाबा, हत्ती बसला तुमचा! निळं अक्षर, दुसरी खूण. सूर वर.”

“वय झालं गं त्याचं.”

“छांग,” पलंगावरून आई म्हणाली. तिचा हत्ती ताडकन उभा राहिला.

“तीन आठवडे झाले,” लेक पुटपुटली. “पालथ्या घड्यावर पाणी.”

रविवारी दुपारी ती पाणी प्यायला उठली. स्वयंपाकघरात बाबा भांडी घासत होते आणि स्वतःशीच शब्द म्हणत होते. ती दाराशीच थबकली. गट, स्वर, खूण असं करत तिने एकेक शब्द मनात ताडून पाहिला. हत्ती आला, तो चारी पायांवर उभा होता. विसाव्या शब्दापर्यंत एकही चूक नाही.

रिकामा पेला घेऊन ती तशीच मागे फिरली.

संध्याकाळी बाबा चष्मा पुसत बसले होते.

“आज मी वाचते,” ती म्हणाली.

“तुझे तर नियम तोंडपाठ आहेत.”

“नाही हो. कच्चेच आहेत.”

बाबांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि चिठ्ठ्या पुढे सरकवल्या.

“छांग,” ती म्हणाली. अगदी खाली.

आईने कपाळावर हात मारून घेतला. “छांग!” मग बाबांकडे वळून ती थाईत काहीतरी लांबलचक बोलली. बाबा हसले.

“काय म्हणाली?”

“बापावर गेलीये म्हणे.”

वीस शब्द वाचून झाले. चुका अठरा. आई बोलली एकोणीस वेळा.