जड झालेला हात

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण गेल्या महिन्यात माझा उजवा हात जात्यापेक्षा जड झाला होता. आमच्या पाड्यात अजून कुणी मानत नाही.

खोडाळ्याच्या नाक्यावर जीप भरायची होती. जीपवाल्या पंढरीनं मला छेडलं, "नवशाबाबा, शाळेत खिचडी शिजवायला रखमीच पाहिजे म्हणत घरोघर तूच फिरलास. मग सभेत हात वर करून मत द्यायच्या वेळी तुझाच हात कुठं गेला?"

रखमी एका हातानं, म्हणजे एका मतानं हरली होती. आता पोरं बहिणीकडे टाकून वीटभट्टीवर निघाली होती. पंढरीचं बोलणं संपायला आणि ती गाठोडं घेऊन चढायला एकच गाठ पडली. माझ्या समोरच्याच बाकावर बसली. मी मांडीवरची नागलीची भाकर पंच्यानं झाकली. रस्त्याला धूळ फार. जीप उभीच होती, ते सोडा.

"हात वर करायला गेलो, तर हलेना," मी म्हणालो. "शेजारी बसलेल्या रूपेशनं ओढला, हेमंतनं ओढला. शेवटी बैल जुंपले. बैल गुडघ्यावर बसले. शाळेच्या फरशीला तडा गेला, जाऊन बघ."

"तडा दोन वर्षांचा आहे, बाबा," पंढरी म्हणाला.

"मग हात तेव्हापासूनच जड असेल."

जीप हसली. रखमी नाही.

एक गोष्ट तिथं बोललो नाही, इथं लिहितो. मी भुताळीण-बिताळीण काही मानत नाही. मला ताप भरला तेव्हा याच रखमीनं तीन दिवस पेज पाजली, आणि मी ती प्यालो. पण मी पाच वर्षांचा असताना तिची आजी दारावरून गेली की माझी आई आंबिलीच्या मडक्यावर टोपली ठेवायची. का, ते कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. आई गेली, मडकं फुटलं.

"तर सभा उठली," मी पुढं रेटलं, "आणि हात आपोआप हलका झाला, पिसासारखा."

"हात जड नव्हता, बाबा," रखमी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "मांडीखाली घालून त्याच्यावर बसला होतास. मी समोरच होते, तुझ्याच हाताकडे बघत होते. आता मी चढले तशी भाकरही त्यानंच झाकली."